ह्यांची रायफल आणि माझा कार्तिक

...आणि वर मलाच म्हणतात, "एवढासा तर पार्ट आहे गं." तुम्हाला सांगते, एवढासा म्हणजे खरंच एवढासा, करंगळीच्या नखावर मावेल अशी स्प्रिंग, पण दारात आली केवढ्या खोक्यातून, तर ज्यात आमचा गणपती मखरासकट बसेल! आणि मी भाबडी, पुण्याहून बहिणीने फुलवाती पाठवल्या असतील म्हणून आनंदाने खोकं उघडते, तर आत कागद, मग कागद, मग हवा भरलेल्या पिशव्या, आणि तळाशी हे बंदुकीचं नख. हात झटकला मी, विंचू दिसल्यासारखा. तर हे मागून येतात, चष्मा कपाळावर, आणि लाडाने म्हणतात, "घाबरतेस काय, एवढासा तर पार्ट आहे गं."

बंदूक म्हणजे तरी साधी का, रायफल, सेमी-ऑटोमॅटिक. मला आधी वाटलं, सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे माहेरचं जुनं वॉशिंग मशीन, निम्मं काम ते करायचं, निम्मं आई. ह्यांना तसं म्हटलं, तर म्हणतात कसे, "अगदी बरोबर सुवर्णा, तसंच आहे. पुढची गोळी जागेवर आणायचं काम ती आपोआप करते, चाप मात्र दर वेळी आपणच ओढायचा." म्हटलं, म्हणजे मेहनत तिची आणि पाप आपलं, हो ना?

आता आमच्या ह्यांना तुम्ही ओळखता. मोरेश्वरराव, डेटाबेसवाले, मंडळाच्या कार्यक्रमात साउंडपाशी उभे असतात आणि दर वेळी माइक कुई करतो ते. आजवर पाल मारली नाही हो ह्या माणसाने. पाल दिसली की सोफ्यावर चढून मला हाक मारतात. पण आमची लेक इला कॉलेजला ऑस्टिनला गेली, घर रिकामं झालं, आणि समोरच्या गल्लीत कुणाच्या तरी गाडीची काच फोडून चोरांनी लॅपटॉप नेला. झालं. दारावरच्या कॅमेऱ्यात मांजर दिसलं तरी ह्यांचा फोन वाजतो आणि हे उठून बसतात. त्यात ऑफिसमधला शंतनू. "काका, धिस इज टेक्सस. इकडे सगळ्यांकडे असते. चला, रेंजवर घेऊन जातो." गेले, बंदुका उडवायला शिकवतात तिथे. येताना कानात दडे बसलेले आणि चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूचा आनंद.

बरं, आणली ती आणली. एकदा आणलेली वस्तू हा माणूस आहे तशी वापरेल तर शपथ. मिक्सर आणला, त्याचं झाकण बदललं. गवत कापायचं मशीन आणलं, त्याची चाकं बदलली, गवत अजून आहे तिथेच आहे. तसंच रायफलचं. पहिल्यांदा मूठ बदलली, का, तर जुनी तळहाताला टोचते. मग दस्ता बदलला, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, का, तर ह्यांचा खांदा दुखतो. खांदा दुखतो तर ओव्याची पुरचुंडी शेकते ना मी! मग सेफ्टीचा खटका बदलला, का, तर जुना कडक होता. अहो, सेफ्टीचा खटका कडकच हवा ना? माझ्या पोळ्यांच्या डब्याचं झाकणसुद्धा त्याहून कडक आहे. पण नाही. "एवढासा तर पार्ट आहे गं."

मी रायफल आणल्या दिवशीच सप्तशृंगीला बोलले होते, आई, हे लचांड घराबाहेर जाऊ दे, मी ह्या वर्षी कार्तिकस्नान एक दिवस न चुकवता करीन. ते ह्यांनी ऐकलं. म्हणाले, "तुझ्या देवीला अठरा हात, अठराही हातांत शस्त्रं. तिला चालतं, मला एक चालत नाही?"

मी म्हटलं, "देवीला मायनस सहाचा चष्मा नाही."

हसले ते. पण मी हसण्यावारी बोलले नव्हते. मला भीती कसली आहे, तुम्ही लक्षात घ्या. चोराची नाही, तो येईल तेव्हा येईल. ह्यांनी ठरवलं होतं, सगळे पार्ट बदलून झाले, रायफल पूर्ण झाली, की ती भरून पलंगाशेजारी ठेवायची. मी म्हटलं, तिजोरी आणली आहे ना गराजमध्ये, तिच्यात ठेवा. तर म्हणे, "तिजोरी उघडेपर्यंत चोर चहा पिऊन जाईल." आता पलंगाशेजारी भरलेली रायफल, पलंगावर हे, डोळ्यांवर चष्मा नाही, कान मांजराला टपलेले. आणि कार्तिकात पहाटे अंधारात उठून त्या घरात फिरणार कोण? मी. नळ सोडणार, लाँड्रीरूममधल्या तुळशीपाशी भांडी वाजवणार. तुळस आत ठेवावी लागते हो, इकडचा गारठा तिला सोसत नाही. आणि ह्यांची झोप मोडू नये म्हणून मी दिवासुद्धा लावत नाही कधी, चोरपावलांनी चालते. तुम्हीच सांगा, आमच्या घरात चोरपावलांनी दुसरं कोण चालतं?

तर दसरा आला. हे सकाळी अंघोळ करून, कुर्ता घालून, रायफल दोन हातांवर घेऊन आले, बाळ आणावं तसे. पूर्ण झाली होती ती. पाटावर माझी विळी, कात्री, शिलाई मशीनचं बॉबिन, शेजारी ही काळी लांबलचक. म्हणे, "आज शस्त्रपूजा करू, आणि रात्रीपासून पलंगाशी." हे म्हणाले, "हळदकुंकू लाव." मी म्हटलं, मी हात लावणार नाही. "अगं, रिकामी आहे, तीनदा बघितली." असू दे. मी लांब उभी राहिले, भिंतीला टेकून, आणि तिथूनच मूठभर अक्षता टाकल्या, लग्नात मागच्या रांगेतून टाकतात ना, तशा. डोळे मिटून. आई, सांभाळ, म्हणत. वर हळदीची चिमूट, वर कुंकवाची.

आणि हे ओरडले, "अगं, तांदूळ आत गेले!"

गेले तर गेले, मला काय ठाऊक ती वरून उघडी ठेवली होती? आत तांदूळ, त्यात मी अक्षतांना तूप लावलेलं, म्हणजे ते चिकटले, त्यावर हळद. रायफल हलवली की आतून खुळखुळ्यासारखा आवाज. हे दोन दिवस गराजमध्ये दात कोरायच्या काड्या घेऊन बसले. सगळी उघडली, सुटी केली, आणि त्या खटपटीत ती नखाएवढी स्प्रिंग टुण्णकन उडाली ती गेली. मी बॅटरी घेऊन शोधू लागले, मनापासून शोधली हो, गाडीखाली वाकून शोधली, नाही सापडली. हे म्हणाले, "राहू दे, एवढासा तर पार्ट आहे गं, नवीन मागवतो." मागवला, तर चुकीचा आला. परत पाठवला. ह्या सगळ्यात खालचा भाग, म्हणजे चाप, मूठ, दस्ता, सगळं गराजच्या टेबलावर उघडं पडलेलं, आणि वरचा भाग, नळीचा, पुसून-बिसून कपाटात. अशी दोन घरं करून राहिली ती. आणि माझा कार्तिक सुरू झाला.

आता नीट ऐका. एक दिवस पहाटे मी न्हाले, ओल्या केसांना पंचा गुंडाळला, सासूबाईंची फिकट टसर नेसले, आणि निरांजन लावून, एका हातात तबक, एका हातात घंटी, घंटीची जीभ बोटाने धरलेली, आवाज नको म्हणून, अशी हॉलमधून निघाले. आणि समोर, जिन्यापाशी, काहीतरी उभं. मी थांबले. तेही थांबलं. आणि मग आवाज आला. ह्यांचा, पण ऑफिसच्या मीटिंगमधला आवाज, इंग्लिश, थरथरणारा...

"सर, आय हॅव अ गन. आय वुड रिक्वेस्ट यू टु लीव्ह द प्रिमायसेस."

अहो, चोराला रिक्वेस्ट! पण मला त्या वेळी हसू नाही आलं. तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून "अहो, मी आहे" एवढे तीन शब्द निघेनात. मनात म्हणत होते, ठाऊक आहे हो गन आहे ते, मीच तर पूजा केली तिची. घंटीवरचं बोट सुटलं, आणि घंटी वाजली. त्या शांततेत एवढी मोठी वाजली की हे दचकले, मी दचकले, आणि तबक हललं तसा निरांजनाचा उजेड ह्यांच्यावर पडला.

बनियन, लुंगी, चष्मा नाही, डोळे बारीक केलेले, आणि दोन्ही हातांत ती, माझ्याकडे रोखलेली. पण नुसती नळी. खाली मूठ नाही, दस्ता नाही, चाप नाही. अर्धी रायफल. झोपेत उठून कपाटातून हाताला लागलं ते घेऊन आले होते, कुणीतरी पळीऐवजी लाटणं घेऊन आमटी वाढायला यावं तसे.

"सुवर्णा?" म्हणाले. आणि मटकन जिन्याच्या पायरीवर बसले. मीही बसले, तिथेच, जमिनीवर. निरांजन मात्र विझू दिलं नाही. मग हे हळूच म्हणाले, "अगं... मी चाप शोधत होतो. बोट शोधत होतं. सापडेना."

बोट हवेत वाकडं करून दाखवत होते हे, आणि ते बोट अजून हलत होतं.

तुम्हाला सांगते, मी आजवर देवाला पुष्कळ घाबरले, सुरीला घाबरले, इथल्या वादळाच्या भोंग्याला घाबरले, पण त्या बोटाला घाबरले तशी कशाला नाही. त्या दिवशी काकडआरती दोघांनी मिळून केली. ह्यांनी टाळ्या वाजवल्या, ठेका चुकत होता, मी तशीच म्हणत राहिले.

मला वाटलं, सुटलो. आता हे जाऊन विकून येतील. चार दिवस एकही खोकं आलं नाही. पाचव्या दिवशी दारात खोकं. आत टॉर्च, रायफलवर बसवायचा. म्हणे, "आता आधी उजेड पडेल, कोण आहे ते दिसेल, मगच पुढचं."

मी म्हटलं, "हॉलचा दिवा लावला तरी दिसेन की हो मी."

"तसं नाही," म्हणाले.

"विकून टाका ना."

"अर्धवट कोण घेईल? पूर्ण होऊ दे, मग बघू." आणि पुढे काय म्हणाले असतील, सांगा. "एवढासा तर पार्ट आहे गं."

इलाला फोन केला, रडले. ती म्हणते, "मॉम, दॅट्स इन्सेन. टेल हिम टु लॉक इट अप." मी म्हटलं, बाळा, तूच सांग त्यांना. तिने सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि तिला टॉर्चचा फोटो पाठवला.

आणि मग त्या दुपारी, साबुदाणा भिजत घालताना, माझ्या डोक्यात आलं. आईने, सप्तशृंगीने, ऐकलंय की माझं! मी म्हटलं होतं घराबाहेर जाऊ दे, पण आमच्या ह्यांना ती ओळखते ना, ते विकणार नाहीत हे तिला ठाऊक, म्हणून तिने एवढंच केलं, की रायफल पूर्ण राहू दिली नाही. जोवर हे पार्ट बदलतायत, तोवर ती उघडी. जोवर ती उघडी, तोवर बोटाला चाप नाही. आणि मी वेडी दर खोक्याला हात झटकत होते!

मग मी काय केलं, त्या शनिवारी म्हटलं, "अहो, मीही येते बंदुकांच्या दुकानात." हे बघतच राहिले. दुकान म्हणजे आपल्या इंडियन ग्रोसरीएवढं, पण तांदळाच्या पोत्यांच्या जागी... जाऊ दे. काउंटरमागे एक दाढीवाले काका, टोपी, फार गोड बोलणारे, मॅम मॅम करणारे. हे पलीकडे मुठी दाबून बघण्यात रमले, तशी मी पुढे झाले. चाप मांडले होते काचेखाली, ओळीने, बांगड्यांसारखे. मी हळूच विचारलं, "विच वन कम्स लेट?"

काका म्हणाले, "लेट, मॅम?"

"व्हेरी लेट."

त्यांनी मला जरा निरखलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं, हे एक मूठ कानाशी धरून हलवत होते. काय समजायचं ते समजले बहुतेक. एक चाप दाखवला, म्हणाले, "धिस वन्स बॅकऑर्डर्ड. मेबी एप्रिल. मेबी नेव्हर."

मी मनात बोटं मोजली. कार्तिक निघाला. मार्गशीर्षातले गुरुवार निघाले, त्याही पहाटे उठायचंच असतं. माघी गणपती निघाला. "दिस वन," म्हटलं, "फॉर माय हजबंड."

ह्यांना कळलं तसे डोळे भरून आले त्यांचे. "सुवर्णा, तू? माझ्यासाठी? तुला तर..." मला इतकं वाईट वाटलं, पण सप्तशृंगी साक्षी आहे, मी खोटं एक अक्षर बोलले नाही. मग लगेच त्यांचा चेहरा पडला. "अगं, पण हा यायला एप्रिल उजाडेल. तोवर खालचा भाग उघडाच राहणार की."

मी म्हटलं, "राहू दे हो. चांगली वस्तू आहे, थांबू."

तेव्हापासून हे खूष आहेत, रोज ऑर्डर कुठवर आली ते बघतात. आणि मी पहाटे उठते, घंटी मोकळी वाजवते. तर चैत्रापर्यंतची सोय झाली म्हणायची, आता वैशाखासाठी कुठला पार्ट जुना झालाय ते आतापासून बघायला लागलेय मी.