बिननेढ्याची सुई

...आणि तुम्हाला सांगतो, सुईला नेढंच नाही. चष्मा पुसला, सुई उजेडात धरली, मागून पाहिली, मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं म्हणून टोकालाही पाहिलं... नाही. लोकरीची खेळणी करायच्या वर्गातली शिकवणारी मुलगी, वयानं माझ्या धाकट्या मशीनपेक्षा लहान, म्हणते, "काका, काय शोधताय?" म्हटलं, "दोरा कुठून ओवायचा?" म्हणते, "दोरा नसतोच काका. नुसतं टोचायचं." नुसतं टोचायचं. पंचेचाळीस वर्षं शिंपीकाम केलं, माणसाच्या चालीवरून कमरेचं माप सांगतो, आणि मला हे.

गेलो कशाला, विचारा. नात आली होती सुट्टीला. मी शिवलेल्या फ्रॉकची तिनं घडीसुद्धा मोडली नाही. आईच्या फोनवर कुठलंसं लोकरीचं मांजर पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, हे येतं तुम्हाला?" शेजारी जावई. हसला नाही, पण मिशीत काहीतरी हललं. म्हटलं, "सुईचंच काम ना? रविवारी जाताना मांजर घेऊन जाशील." बोलून बसलो.

तर स्पंजवर लोकरीचा बोळा ठेवायचा आणि टोचायचं. सुईला बारीक खाचा असतात, त्या लोकर लोकरीत गुंतवतात, गुंता घट्ट झाला की झालं मांजर. जन्मभर गुंते सोडवले, आता मुद्दाम करायला बसलो. त्यात हात सवयीचा, सुई तिरपी घालून उचलायला गेलो... कट्, मोडली. दुसरी. कट्. "काका, सरळ आत, सरळ बाहेर, धावदोरा नाही घालायचा." तिसरी बोटात. खिशातून अंगुस्तान काढलं, बोटावर चढवलं, तर वर्गातल्या बायका फोटो काढायला लागल्या. अंगुस्तानाचा की माझा, विचारलं नाही.

घरी बायको. "किती टोचायचं असतं म्हणे?" म्हटलं, घट्ट होईपर्यंत. "मग जमेल. टोचण्यात तुमचा हात कोण धरणार?" आता हिला काय सांगू, सुईला नेढं नाही म्हणून?

शनिवारपर्यंत मांजर झालं. म्हणजे बटाटा झाला, मी त्याला मांजर म्हणत होतो. कान राहीनात. टोचले, गळाले, टोचले, गळाले... शेवटी खोलीचं दार लावलं, माझी सुई काढली, नेढ्याची, दुहेरी दोरा ओवला आणि एकाच दोऱ्यात दोन्ही कान असे आरपार बसवले की वाघानं ओढले तरी निघू नयेत. टाका दिसू दिला नाही. तेवढी लाज राखली.

रविवारी गाडी दारात. नातीनं मांजर हातात घेतलं आणि पहिलं काय केलं? कान धरून उचललं. कान राहिले. मांजर सुटलं. लोकर सगळ्या पायऱ्यांवर. टोचणं कमी पडलं होतं, दुसरं काय. जावई म्हणाला, "कान मात्र पक्के आहेत हं, बाबा." पोरीनं मुठीकडे पाहिलं, दोन कान, मध्ये दोरा. फेकले नाहीत. तशीच मूठ मिटून गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी फोन. "आजोबा, कान माझ्याकडे आहेत. तुम्ही फक्त त्यांना मांजर लावून द्या."

गुरुवारी पुन्हा वर्गात बसलो, टोचत. सुईला, तुम्हाला सांगतो, अजून नेढं नाही.