मंगळवारचं पाणी

नणंद : नाही, एवढंच सांग वहिनी, तुझ्याऐवजी समुद्रात जाऊन दादाला काय मिळणार होतं? पगार नाही, नाव नाही. सकाळी पोटात ढकललेले दोन घास, तेही समुद्र परत मागून घेणार. तळ्यातल्या होडीत बसला तरी बोट लागते त्याला.

वहिनी : मी त्यांना जा म्हटलं नव्हतं, वन्सं.

नणंद : म्हटलं नव्हतंस. फक्त प्लॅस्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून खिडकीतून बंदराकडे बघत बसलीस. मुरलेल्या नवऱ्याला तेवढं पुरतं.

वहिनी : धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, पाय घसरला, ते काय ठरवून? प्रयोगशाळेतली मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर. बोटवाल्याला सुकाणू सोडता येत नाही. मग तपासणीचं पाणी कोण काढणार?

नणंद : एक मंगळवार चुकला तर समुद्र आटत नाही. तूच सांगतेस, दर वर्षी तेच ते. थंडी सरली की काचेच्या डबीसारख्या कवचात राहणारे ते तुझे डोळ्यांना न दिसणारे जीव...

वहिनी : डायटम.

नणंद : तेच. दादा ज्यांना समुद्राचे भाडेकरू म्हणतो ते. थंडी सरली की ते येतात. ऊन तापलं की ते जातात आणि शेपटीवाले बारके राहायला येतात. वारं फिरून पाणी ढवळलं की पहिले परत हजर. इतक्या वर्षांत क्रम बदलला नाही. मग मोजायचं काय राहिलं?

वहिनी : क्रम बदलला नाही, हे मोजत राहिले म्हणून कळलं ना? आणि काचवाल्यांचा बहर जेमतेम आठवडाभराचा. तो हाच आठवडा. हा हुकला तर आमच्या आलेखात दिसणार, यंदा ते आलेच नाहीत. पाणी फार तापलं होतं, ते वर्ष आठवतं?

नणंद : न आठवायला काय झालं? तू सुतकी चेहऱ्यानं वावरत होतीस.

वहिनी : काचवाले उशिरा आले, तेही मूठभर. त्यांच्या जागेवर भलतेच पाय पसरून बसले. मला वाटलं, विसकटली घडी ती विसकटली. पुढच्या वर्षी आले की नाही, आपापल्या जागी? तो धीर मला फक्त या मंगळवारांनी दिला.

नणंद : तुझे मंगळवार. आईचं ऑपरेशन बुधवारी, घर बदललं बुधवारी. शेजारीण विचारायची, तुमचं मंगळवारशी वैर आहे का? आई सांगायची, छे हो, त्या दिवशी आमच्या सूनबाई पाणी भरतात.

वहिनी : नमुन्याच्या पाण्यात घालतो त्या आयोडीनचे बाह्यांवरचे डागही त्याच घासायच्या. आणि वन्सं, तुमचं लग्नसुद्धा बुधवारीच झालं.

नणंद : हॉल बुधवारीच रिकामा होता.

वहिनी : मंगळवारीही होता. तुम्हीच बुधवार मागून घेतलात, हॉलवाला मला बोलला मागे.

नणंद : त्या हॉलवाल्याच्या तोंडाला कुलूप नाही. बघ, फाटक वाजलं.

(दादा येतो. चेहरा पांढराफटक. हातात तपकिरी पाण्याची बाटली, बाळासारखी धरलेली.)

वहिनी : फार लागली का हो बोट?

दादा : सुटायच्या आधीच लागली. घे.

वहिनी : जागा तीच ना?

दादा : दीपगृह आणि जुनं धुराडं एका रेषेत येईपर्यंत बोटवाल्याला थांबू दिलं नाही. तो म्हणाला, साहेब, चार हात इकडेतिकडे, समुद्राला काय कळतंय? म्हटलं, समुद्राचं सोड, घरी गाठ कुणाशी आहे?

वहिनी : आणि आयोडीन? ते नीट पडलं नाही तर जीव कुजून जातात.

दादा : फिक्या चहाचा रंग येईपर्यंत. तू करतेस तसला.

वहिनी : अहो, एक विचारू?

दादा : विचार.

वहिनी : उलटी कुठल्या बाजूला केलीत?

नणंद : वहिनी, माणूस मरता मरता आलाय.

दादा : विचारू दे. सगळ्या वाटेत मी याच प्रश्नाची तयारी करत होतो. आधी पाणी काढलं. बूच घट्ट बसेपर्यंत दात आवळून होतो. मग पलीकडच्या बाजूला गेलो. प्रवाहाच्या खालच्या अंगाला.

वहिनी : बसा ना. पाणी देऊ का? नको, उठता कुठं येतंय मला. वन्सं, जरा...

नणंद : रडू नकोस, बाटलीत पडेल. आणते मी पाणी. म्हणजे हिशेब असा झाला : बहर वहिनीचा, घर भाडेकरूंचं, आणि किंमत मोजली दादाच्या पोटानं.

वहिनी : त्यांनी एकट्यानं नाही. त्यात एक मंगळवार तुमचाही आहे, वन्सं.