ब्रेकचा आखूड पाइप

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, आमच्या जीप क्लबचे प्रमुख इंद्रजीतराव, सत्कारमूर्ती कडुबा मिस्त्री, आणि डोंगराच्या आडवाटांना हौसेनं गाड्या घालणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी वैदेही, क्लबची सचिव. पाच मिनिटं गोड बोला, असं मला सांगितलंय. कागदही लिहून दिलाय. त्यात आहे, ‘कडुबा मिस्त्री पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त होत आहेत.’ स्वेच्छेनं? हर्सूलचं त्यांचं गॅरेज सहा महिने ओस पडलंय, म्हणून हा माणूस सोयगावला भावाकडं निघालाय. उद्या सकाळी सामानाला टेम्पो लागणार आहे. याला स्वेच्छा म्हणायला आपल्याला लाज कशी वाटत नाही?

कडुबांची कामाची रीत इथं सगळ्यांना ठाऊक आहे. जीपच्या कमानींचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचे, पाटे बदलायचे तर आधी घरची सगळी माणसं घेऊन या म्हणायचे. सगळ्यांना गाडीत बसवायचे, मग गाडी किती दबते ते बघून मडगार्डपाशी खडूची खूण करायचे. आप्पासाहेब, तुमच्या मातोश्री आवडाबाईंना त्यांनी भर अंगणात वजन विचारलं होतं, आठवतं का? वर हे म्हणाले, “आई, लाजू नका. पाटा कुणाला सांगत नाय.” एक पाटा काढला, शॉकअप नरम केले, आणि ट्रायलला स्वतः मागच्या सीटवर बसले. “मागं बसल्याबिगर गाडी कळत नाय ताई. पुढं बसणाऱ्याला नुसती हौस कळती.” आवडाबाई त्या गाडीतून दौलताबादपर्यंत गेल्या आणि कंबर न धरता उतरल्या.

आता हौसेचं बोलू. इंद्रजीतराव, खाली बघू नका. गेल्या वर्षी रॅलीच्या आधी तुम्हाला तुमची जुनी जीप उंच हवी होती. कशासाठी? फोटोसाठी! कडुबा काय म्हणाले ते मी शेजारी उभी राहून ऐकलंय. “साहेब, गाडी वर गेली की ब्रेकचा पाइप आखूड पडतो. चाक खड्ड्यात लोंबलं की ताणून तुटंल. आधी लांब पाइप आणा. नायतर मी हात लावत नाय.” पाइप यायला चार दिवस होते. तुम्हाला रविवार गाठायचा होता. तुम्ही गाडी दुसरीकडं नेलीत, कमानीखाली ठोकळे घातलेत, लांब शॉकअप बसवलेत. पाइप तोच ठेवलात.

रविवारी रॅलीत हर्सूलच्या तळ्यामागच्या ओढ्यात उतरताना चाक लोंबलं आणि पाइप तुटला. तुमच्या पायाखाली ब्रेकचं पेडल नुसतं आत गेलं. गाडी कलंडली आणि शेजारी बसलेल्या तुमच्या पत्नीच्या, तनुजावहिनींच्या गळपट्टीचं हाड मोडलं. मी मागच्या सीटवर होते.

आणि मग क्लबनं काय केलं? सभासदांच्या गाड्या बेकायदा उंच केल्यात हे बाहेर आलं तर रॅलीची परवानगी जाईल, या भीतीनं आपण जाहीर पत्र काढलं: ‘अपघात मिस्त्रींच्या सदोष कामामुळे झाला.’ ज्या गाडीला त्यांनी हातच लावला नव्हता, तिचं काम सदोष! त्या पत्राखाली सही कुणाची? माझी. क्लब टिकला पाहिजे, बाकीचं नंतर बघू, असं मी स्वतःला समजावलं. मी घाबरट निघाले, दुसरं काही नाही.

पत्र गेल्यावर कडुबा एकदाच माझ्याकडं आले. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, “ताई, तुमी तर तिथं व्हता ना?” मी म्हणाले, “बघते.” सहा महिने मी बघतेय. ज्यांच्या गाड्या यांनी उभ्या केल्या, ते तुम्ही सगळेही बघताय. आणि आज शाल आणलीये! एखाद्याचं नाव मातीत घालायचं, वर शाल पांघरायची आणि फोटो काढायचा. इथंही फोटोच!

ते पत्र मी आज सकाळी मागं घेतलं आहे. खरं काय घडलं ते लिहून सगळ्या सभासदांच्या फोनवर पाठवलं, खाली सही माझीच आहे. सचिवपदही सोडलं. पण माझ्या लिहिण्यानं भागणार नाही, हे मला कळतं. उद्या कुणी म्हणेल, बाईचं काहीतरी बिनसलं असेल. पाइपचं आधीच सांगितलं होतं, हे ज्यांना सांगितलं त्यांनीच म्हणायला हवं.

आप्पासाहेब, आपण मला थांबवलं नाहीत, सभागृहानं ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. माझा आवाज चढला, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या. कडुबा, तुमची माफी मात्र मी भाषणाच्या शेवटच्या ओळीत उरकणार नाही, ती मागायला घरी येईन.

ही शाल मी घालणार नाही. इंद्रजीतराव, उठा. माइक चालू आहे.