ताईच्या हृदयाची भिंत

हृदयाची सोनोग्राफी करतात त्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक गवंडी आणि त्याची थोरली बहीण बसली होती.

"ताई, दुखणं तुझ्या हृदयाचं. मला कशाला ओढून आणलंस?"

"हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार सख्ख्या भावंडांतही असू शकतो. डॉक्टरच म्हणाले."

"जाड म्हणजे मजबूतच की!"

"गवंडी ना तू? खोलीची भिंत आतून जाड केली तर काय होतं?"

"खोली लहान होते."

"मग? आत रक्त मावायला नको?"

"हं... असं आहे होय!"

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. वीस मिनिटांनी तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

"काही नाही निघालं, ताई."

"सुटले गं बाई!"

"पण चार-पाच वर्षांनी पुन्हा तपासायचं म्हणे."

"तपासू की. मीच आणीन तुला. तू आपणहून येतोस कसला!"

"नक्की आणशील?"

"न आणायला काय झालंय मला? गोळ्या घेते, जिने हळू चढते, तुझ्या पोरीला अजून शिवण शिकवायचंय... अरे, चांगला निघालास आणि रडतोस काय, वेड्या?"

"तू आणणार म्हणालीस ना, म्हणून."