हजेरीबुकातली शिला

—न्हाई मॅडम, तुमी पुन्हा वाचा तो दवाखान्याचा कागद. शिला संतोष राठोड, उजवा हात मनगटापासून गेला — असंच लिहिलंय ना? मग ही कोण? शिले, ये गं भायेर. हात दाखव मॅडमला. दोन्ही दाखव. बघितलं? ही माझी सून. चार दिस झाले ऊसतोडीवरून येऊन. तुमच्या कागदातला हात मशिनीत गेला, त्या दिवशी ही कोल्हापूरकडं फडात मोळ्या बांधून राहिली होती. जा गं आत. — आल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. काहून? सांगते ना. बसा बाजेवर, बसा.

कामगार हापिसातून तपासाला आल्या म्हणजे किशनरावाचा हळदीचा कारखाना बघूनच आल्या असाल तुमी, हळकुंडं पॉलिश करायचे ढोल हाईत तिथं. दसऱ्यानंतर आमचा तांडा रिकामा होतो — समदे कोयते घेऊन फडावर, मागं आमी म्हातारे अन् कुत्री. अन् संक्रांतीपासून ह्याला माणसं पायजेत. मग त्यानं लांबची माणसं आणली. कुठली? मला काय ठावं, बोलीच कळत न्हवती. आधार न्हाई, कागदाचा कपटा न्हाई — म्हणून तर आणली! कागद नसलेला माणूस भांडत न्हाई, घरी जातो म्हणत न्हाई, तकलीफ झाली तरी कुणापाशी जाणार? पण हजेरीबुकात नावं तर लागतात. मग आला माझ्याकडं, तुमी बसल्या तिथंच बसला. म्हणला, मिराअक्का, तुमची टोळी तर गेली फडावर, नावं नुसती पडून हाईत त्यांची, आधारच्या झेरॉक्स तेवढ्या द्या.

दिल्या. मी दिल्या — घ्या लिहून, आता लपवायचं काय. अकरा झेरॉक्स, शिलाचीबी त्यातच. माझा संतोष टोळीचा मुकादम, समद्यांचे कागद आमच्याच पेटीत. पैसा घेतला न्हाई, नातीची आण. तो म्हणला, पुढच्या सालापासून संतोषला अन् सुनेला बारमाही कामावर लावतो, कोयता सुटंल त्यांचा. मॅडम, माझी नात फडावर पाचटात जल्मली — मला दुसरं काही दिसलंच न्हाई. अन् परका होता का तो? दर दिवाळीला ओवाळते मी त्याला. आता तोच म्हणतो, मिराबाईनंच माणसं आणली, खोटी नावंबी तिनंच लावली. तुमालाबी हेच सांगितलं ना? तोंडावरून कळतंय तुमच्या. माणसं आणली त्यानं, राबवली त्यानं, अन् पुढं केली मला. गळा कापला माझा. माझी चूक हाय, मी कुठं न्हाई म्हणते? न्या मला. पण त्याला सोडू नका.

मी होते ना तिथं, हळकुंडं निवडायला जायचे. शिलाच्या नावावर लावलेली ती पोरगी — ढोलाच्या पट्ट्यात तिची ओढणी गेली, ओढणीमागं हात. बंद करा, बंद करा म्हणून वरडले मी. टेंपोत घालून नांदेडला नेलं. दवाखान्यात शिलाचंच नाव सांगितलं, म्हणून तर कागद तुमच्यापोतर आला. दुसऱ्या दिवशी बघते तर बाकीचे दहाबी गायब, शेड झाडून-पुसून लख्ख. म्हणलं, किशनदादा, पोरगी कुठाय? म्हणला, कोण पोरगी?

व्हय व्हय, शोधा ना तिला. ती सापडली तरच तो सापडंल, बराबर हाय तुमचं. लिहा, मी सांगते. विशी-बाविशीची, सावळी, हनुवटीवर गोंदण. दोन महिने माझ्या फडक्यातली भाकर खाल्ली तिनं. नाव? खरं नाव —

किशनराव म्हणला होता, कुणी तपासायला आलं तर चुकायला नको, नाव घोकून घ्या तिच्याकडून. पहिले दोन-चार दिस ती छातीवर हात ठिऊन काहीतरी सांगायची. तिचं नावच असंल ते. मीच म्हणायची, न्हाई न्हाई — शिला. म्हण, शिला. मग लागली म्हणायला. ढोलापाशीबी आधी मी शिला, शिला म्हणूनच वरडले, अन् तिनं माझ्याकडं बघितलं.

नका विचारू मॅडम. जा आता. उठा, जा.