अस्वलाच्या घरचं जेवण

मोबाइलच्या गेममधली माणसं खोटी असत्यात, असं मला सांगू नका रं. मी विजयवाड्याला सोनं गाळायच्या दुकानात एकटाच असायचो. गेममधल्या गावात मी पैलवान व्हायचो; त्या पैलवानाची एका निळ्या अस्वलाशी दोस्ती जमली. ते अस्वल म्हणजे लोणंदच्या शमीमचाची. आमी माइकवर लय बोलायचो.

एका दुपारी चाची मधीच म्हणाल्या, "बाळा, तुझी जीभ अडखळतीया. भट्टी पेटलीया का?"

"व्हय. दार बंद हाय."

"धूर चढलाय तुला! आधी भाईर पळ!"

कसाबसा पायरीपर्यंत पोचलो आन् पडलो. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं.

सुट्टीला आल्यावर घरी जायच्या आधी लोणंद गाठलं. पाया पडायला वाकलो, तर चाचींनी ताटच पुढं सरकवलं.

"आधी जेव. त्या गेममधल्या गावात तुला कवा खायला घालता आलं न्हाई."