रोजचे बहात्तर टक्के

...नाही, पण मला एक सांगा, बावीस वर्षं मी वर्गात 'कळलं का रे?' विचारलं आणि पोरांनी 'होऽऽऽ सर!' म्हटलं, ते सगळं खोटं होतं?! अहो, त्या 'हो सर'वर मला रात्री गाढ झोप लागायची! आणि एक दिवस आमच्या मुख्याध्यापिका बाई खोकं घेऊन वर्गात येतात, खोक्यात चाळीस रिमोट, कळलं तर हिरवं बटण, नाही कळलं तर लाल, कुणी काय दाबलं ते कुणाला दिसणार नाही, पडद्यावर नुसता आकडा! बाई म्हणाल्या, "सर, पंचाहत्तर टक्के हिरवं झालं की दुसऱ्या दिवशी परीक्षा. कमी पडलं की धडा परत शिकवायचा. आणि पन्नासच्या खाली गेलं तर पालकांना बोलवायचं!" मी म्हटलं, बोलवा की! आपल्याला काय भीती?

धडा कुठला, तर शेकडेवारी. माझा हातखंडा धडा हो! शिकवला, खडू झटकला, ऐटीत विचारलं, "कळलं का रे?" "होऽऽऽ सर!" आणि पडद्यावर... बहात्तर टक्के! पुढचं दशांशचिन्ह सोडून द्या, पण बहात्तर! म्हणजे तोंडानं चाळीसच्या चाळीस हो म्हणतायत आणि बोटानं अकरा जण नाही! तुम्हाला सांगतो, मी उभ्या जागी गार पडलो.

परत शिकवलं. पदरचे बिस्किटांचे पुडे आणून, वाटून, तोडून शिकवलं. बिस्किटं संपली, आकडा? बहात्तर! चालीवर म्हणून शिकवलं, घसा बसला, आकडा? बहात्तर! शिक्षकांच्या खोलीत भूगोलवाले हाक मारतात, "काय बहात्तर, चहा घेणार?" घरी बायकोला समोर बसवून शिकवलं, ती म्हणते, "अहो, मला कळलं, पण तुम्ही रडता कशाला?" रडू नको तर काय करू? त्याच दिवशी बाईंनी बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, "सर, वरच्या वर्गाचं गणित यंदा दुसऱ्या कुणाला देऊ या. तुम्ही हस्तकला घ्या." हस्तकला! मला! मला साधा लिफाफा चिकटवता येत नाही हो!

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशी पोचलो, पण आत जायला पाय उचलेना. तेवढ्यात आतून आवाज आला, आमच्या वर्गप्रमुखाचा, कुरळ्या केसांची चुणचुणीत पोरगी आहे. "ए, ऐका रे! आज चौघं आले नाहीत, म्हणजे आपण छत्तीस. छत्तीसचे पंचाहत्तर टक्के सत्तावीस. म्हणून सव्वीसच हिरवे, दहा लाल! आणि हौसेनं जास्त लाल दाबू नका, पन्नासच्या खाली गेलं तर घरी बोंब होईल!"

तोंडी! अहो, तोंडी! कागद नाही, पेन नाही! परीक्षाही नको आणि पालकही नकोत, दोन्हींच्या बरोबर मध्ये नेऊन ठेवतायत रोज... आणि मी बिस्किटं तोडतोय! खरं तर संतापायला हवं होतं, पण माझा ऊर भरून आला. दार ढकललं आणि ओरडलो, "चोरांनो! तुम्हाला सगळं येतंय! म्हणजे मी चांगलंच शिकवलं की रे!"

कुरळी हळूच उभी राहिली. "सर, रागावणार नाही ना? पहिल्या दिवशी अकरा जणांना खरंच नव्हतं कळलं. मी पण त्यातलीच. पण परीक्षा टळली ना... मग रोज कुणीतरी गैरहजर, रोज नवा हिशेब, मधल्या सुट्टीत सगळे बसून करायचो. त्यात येऊन गेलं."

"आणि मी इतके दिवस घसा फोडून शिकवलं, त्याचं काय?"

खूप विचार करून म्हणाली, "सर, बिस्किटं छान होती."

घेतली परीक्षा. सगळे पास! बाई खूश, "बघा सर, चिकाटीचं फळ!" वरच्या वर्गाचं गणित माझ्याकडेच राहिलं. आता धडा चालू आहे गुणोत्तराचा. मी वर्गात जातो, रिमोट वाटतो, फळ्यावर नियम लिहितो, 'हिरव्यांचं लालांशी गुणोत्तर तीनास एक झालं की परीक्षा', आणि खुर्चीत बसतो. मध्येच शिकवायचा मोह होतो हो... आवरतो.